तीन देशांचे तळे, एका देशाचे नाव

बाल्कनच्या डोंगरांत, समुद्रसपाटीपासून सुमारे साडेआठशे मीटर उंचीवर, प्रेस्पा नावाचे एक तळे आहे. तळे म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर गावाबाहेरचा पाणवठा येतो. पण हे तळे अडीचशे चौरस किलोमीटरांहून मोठे, आणि त्याच्या पोटातून तीन देशांच्या सरहद्दी गेलेल्या आहेत. सर्वांत मोठा वाटा उत्तर मॅसिडोनियाचा, पश्चिमेचा आल्बेनियाचा आणि दक्षिणेचा कोपरा ग्रीसचा. या तिन्ही सरहद्दी एकमेकींना भेटतात त्या भर पाण्यात. नकाशावर तेथे एक ठळक ठिपका आहे. प्रत्यक्षात तेथे खांब नाही, तारेचे कुंपण नाही, शिपाई नाही. वारा असेल तर लाट आहे, नसेल तर तीही नाही.

या तळ्याची मोठी मौज अशी की त्यातून एकही नदी बाहेर पडत नाही. पाणी जाते कोठे, तर जमिनीखालून. पश्चिमेला गालिचिका नावाचा चुनखडीचा डोंगर आहे. त्याच्या भेगांतून झिरपत हे पाणी पलीकडच्या ओह्रिड तळ्याकाठी, सेंट नाऊमच्या मठाजवळ, झऱ्यांच्या रूपाने वर येते. ओह्रिडचे तळे प्रेस्पापेक्षा दीडशे मीटरांनी खाली आहे. पाण्याला उतार मिळाला की त्याने कोणाच्या परराष्ट्रखात्याला विचारलेले नाही.

माणसांचे मात्र तसे नाही. याच तळ्याच्या ग्रीक काठावर, प्सारादेस नावाच्या एका मच्छीमारांच्या खेड्यात, १७ जून २०१८ रोजी दोन देशांनी एका करारावर सह्या केल्या. करार होता एका देशाच्या नावाबद्दल. आणि त्या नावाच्या पाठीमागे होता एका लष्करी संघटनेच्या दाराचा प्रश्न. त्या दाराशी एक लहानसा देश बारा वर्षे तिष्ठत उभा होता. युरोपात जाणारे आपले लोक पॅरिस पाहतात, रोम पाहतात, स्वित्झर्लंडमध्ये बर्फ पाहतात. मला हे दार पाहायचे होते, म्हणून मी स्कोपयेला उतरलो.

स्कोपये ही उत्तर मॅसिडोनियाची राजधानी. वार्दार नदीच्या दोन्ही काठांवर वसलेले हे गाव. एका काठावर जुना तुर्की बाजार, दुसऱ्या काठावर नवे शहर, आणि मध्ये दगडी पूल. शहरातील जुन्या रेल्वे स्टेशनच्या इमारतीवर एक घड्याळ आहे. त्याचे काटे पाच वाजून सतरा मिनिटांवर थांबलेले आहेत. २६ जुलै १९६३ च्या पहाटे या क्षणी भूकंप झाला. हजारावर माणसे मेली आणि शहराचा मोठा भाग जमीनदोस्त झाला. स्टेशन पुन्हा बांधले नाही. त्या पडक्या इमारतीतच शहराचे संग्रहालय केले. त्या वेळी अमेरिका आणि रशिया या दोन्ही बाजूंनी मदत आली, आणि नव्या शहराच्या मध्यभागाचा आराखडा केंझो टांगे या जपानी वास्तुशिल्पज्ञाने आखला. युगोस्लाव्हिया तेव्हा कोणत्याच गोटात नव्हता, त्यामुळे दोन्ही गोट मदतीला आले.

भारतीय माणसाला या गावात परकेपणा वाटू नये अशी आणखी एक गोष्ट आहे. कलकत्त्याच्या मदर तेरेसा जन्मल्या त्या या गावात, १९१० साली. त्यांच्या नावाचे स्मारक मुख्य रस्त्यावरच आहे. मी भारतातून आलो हे कळताच फळवाल्याने "तेरेसा!" एवढा एकच शब्द उच्चारला आणि पिशवीत दोन पीच जास्त टाकले.

पण गावात शिरल्याबरोबर दृष्टी खिळते ती या दोहोंवर नव्हे. मुख्य चौकात एका उंच खांबावर एक प्रचंड घोडा मागच्या पायांवर उभा आहे, आणि त्यावर हातात तलवार उपसलेला एक योद्धा. त्याचे अधिकृत नाव 'घोड्यावरचा योद्धा'. एवढेच. पण हा योद्धा कोण हे चौकात फुगे विकणाऱ्या पोरालाही ठाऊक आहे. आपण ज्याला सिकंदर म्हणतो तो हा. २०११ साली हा पुतळा उभा राहिला, आणि त्याच्याभोवती अशा पुतळ्यांची, खांबांची आणि कमानींची एवढी दाटी झाली की जुने स्कोपये त्यामागे शोधावे लागते. पुतळा आहे, पण त्याचे नाव उच्चारायचे नाही, अशी ही अवघड जागा. तिचे कारण समजून घेतल्याशिवाय पुढचा प्रवास समजणार नाही.

युगोस्लाव्हिया फुटला तेव्हा १९९१ च्या सप्टेंबरात मॅसिडोनिया स्वतंत्र झाला. गोळी न झाडता स्वतंत्र झाला, ही त्या काळी तेथे अपूर्वाई होती. पण दक्षिणेचा शेजारी ग्रीस म्हणाला, "तुमचे स्वातंत्र्य कबूल, नाव कबूल नाही." ग्रीसच्या उत्तर भागालाही मॅसिडोनिया म्हणतात. थेसालोनिकी हे त्याचे मुख्य शहर. सिकंदराच्या बापाची राजधानी पेला ही ग्रीसच्या हद्दीत. आणि १९७७ साली मानोलिस आंद्रोनिकोस यांना व्हेर्गिना येथे जी राजघराण्याची थडगी सापडली, तीही ग्रीसमध्येच. त्या थडग्यात सोन्याच्या पेटीवर सोळा किरणांचा सूर्य होता. नव्या देशाने १९९२ साली तोच सूर्य आपल्या ध्वजावर चढवला. झाले! थेसालोनिकीच्या रस्त्यांवर लाखो लोक उतरले. आज नाव घेतले, ध्वज घेतला. उद्या जमीन मागतील, अशी ती धास्ती.

ही धास्ती अगदीच हवेतली होती असे ज्याने ग्रीसचा इतिहास वाचला आहे तो म्हणणार नाही. आणि दुसऱ्या बाजूचे म्हणणेही खोटे नव्हते. जी माणसे पिढ्यान्‌पिढ्या स्वतःला मॅसिडोनियन म्हणवतात, ज्यांच्या भाषेला तेच नाव आहे, त्यांना एके सकाळी "तुम्ही दुसरे काही तरी व्हा" असे सांगणे म्हणजे काय! नाव ही गोष्ट अशी आहे की ती वापरतात दुसरेच लोक, पण दुखते ती आपल्याला.

१९९३ साली संयुक्त राष्ट्रसंघात या देशाला प्रवेश मिळाला तो 'पूर्वीचे युगोस्लाव्ह प्रजासत्ताक मॅसिडोनिया' या लांबलचक तात्पुरत्या नावाने. १९९४ साली ग्रीसने व्यापाराची नाकेबंदी केली. थेसालोनिकीचे बंदर बंद झाले की समुद्र नसलेल्या या देशाचा श्वास कोंडतो. पुढच्या वर्षी न्यूयॉर्कमध्ये तात्पुरता समेट झाला: मॅसिडोनियाने ध्वजावरचा सूर्य बदलला, ग्रीसने नाकेबंदी उठवली, आणि असेही लिहून दिले की त्या लांबलचक नावाने हा देश कोणत्याही आंतरराष्ट्रीय संस्थेत जाऊ लागला तर आम्ही आड येणार नाही. नावाचा निकाल मात्र पुढे ढकलला. मॅथ्यू निमेट्झ नावाचे अमेरिकन वकील मध्यस्थ म्हणून या कामाला लागले. आधी आपल्या राष्ट्राध्यक्षांच्या वतीने आणि मग राष्ट्रसंघाच्या वतीने, मिळून चोवीस वर्षे ते या एका शब्दामागे होते.

आता लष्करी संघटनेची गोष्ट. नाटो ही १९४९ साली बारा राष्ट्रांनी स्थापन केलेली संघटना. एकावर हल्ला झाला तर तो सर्वांवर झाला असे मानायचे, हा तिचा गाभा. कराराच्या दहाव्या कलमात नव्या सभासदाविषयी सांगितले आहे: सर्वांची संमती असेल तरच त्याला बोलवायचे. पंगतीत एका जरी माणसाने हात आखडून धरला तरी नव्या पाहुण्याला पान मांडता येत नाही, असा हा नियम. पान मोठे असो की लहान, प्रत्येकाचा नकार सारख्याच वजनाचा.

गंमत अशी की खुद्द ग्रीस या पंगतीत बसला तोही सुखासुखी नव्हे. ग्रीस आणि तुर्कस्तान यांना १९५२ च्या फेब्रुवारीत प्रवेश मिळाला. त्याआधी नॉर्वे आणि डेन्मार्क यांनी नाके मुरडली होती. अटलांटिक महासागराशी या देशांचा संबंध काय, आणि उद्या त्यांच्या डोंगरांसाठी आमची पोरे का पाठवायची, असा त्यांचा प्रश्न होता. ब्रिटनच्या मनात मध्यपूर्वेसाठी वेगळीच फळी उभारायची होती. अमेरिकेने जोर लावला तेव्हा दार उघडले. दाराबाहेर उभे राहण्याचा अनुभव ज्याला आहे तो आत गेल्यावर इतरांना लवकर आत घेतो, असे आपल्याला वाटते. राष्ट्रांच्या बाबतीत ते खरे ठरत नाही.

२००८ च्या एप्रिलमध्ये नाटोची परिषद बुखारेस्टला भरली. रुमानियाचा हुकूमशहा चाउशेस्कू याने बांधायला घेतलेल्या त्या अवाढव्य प्रासादात, कम्युनिस्ट राजवटीच्या थडग्यावरच म्हणाना, पाच देश आपापल्या अर्जांसह आशेने आले होते. क्रोएशिया आणि आल्बेनिया यांना होकार मिळाला. पुढच्या वर्षी ते सभासद झाले. मॅसिडोनियाची तयारी त्यांच्याइतकीच झाली होती. अमेरिकेने तर २००४ सालीच त्या देशाला त्याच्या स्वतःच्या नावाने मान्यता दिली होती. पण ग्रीसचे पंतप्रधान कोस्तास कारामानलिस यांनी नाही म्हटले ते नाहीच. नावाचा तोडगा निघाला की बोलावू, असे परिषदेच्या निवेदनात लिहिले गेले. मॅसिडोनियाचे शिष्टमंडळ परिषद अर्ध्यावर सोडून निघून गेले.

उरलेले दोन देश म्हणजे युक्रेन आणि जॉर्जिया. तेथे भांडण नावाचे नव्हते, रशियाचे होते. अमेरिकेचे अध्यक्ष बुश यांना या दोघांना प्रवेशाच्या पहिल्या पायरीवर घ्यायचे होते. जर्मनीच्या आंगेला मेर्केल आणि फ्रान्सचे सार्कोझी यांनी विरोध केला. तडजोड म्हणून निवेदनात लिहिले, हे देश पुढे सभासद होतील. कधी, ते लिहिले नाही. कसे, तेही नाही. दुसऱ्याच दिवशी रशियाचे पुतिन त्याच इमारतीत येऊन आपली नाराजी सांगून गेले. चार महिन्यांनी जॉर्जियात युद्ध पेटले. युक्रेनमध्ये २०१४ साली क्रिमिया गेला आणि २०२२ साली सर्वत्र तोफा धडधडू लागल्या. या सगळ्याचे मूळ त्या एका वाक्यात होते असे म्हणणे म्हणजे इतिहासाला फारच सोपे करणे होईल. पण दार उघडायचे नसताना "या हं कधी तरी" म्हणण्यात किती धोका असतो, ते बुखारेस्टने दाखवले. घरातल्यांना वाटले आपण दार लावून घेतले; बाहेरच्या वैऱ्याला वाटले ते उघडेच आहे.

मॅसिडोनियाला निदान स्पष्ट नकार मिळाला. त्यावर त्याने जे केले ते माणसासारखेच केले, तो रुसला. राजधानीच्या विमानतळाला आधीच सिकंदराचे नाव दिले होते, आता हमरस्त्यालाही दिले, आणि चौकात तो घोडा उभा राहिला. हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयात फिर्याद नेली. ५ डिसेंबर २०११ रोजी न्यायालयाने पंधरा विरुद्ध एक मतांनी निकाल दिला की ग्रीसने १९९५ चा शब्द मोडला. निकाल हाती पडला. दार मात्र उघडले नाही. न्यायालय निवाडा देऊ शकते, पंगतीतला हात सैल करू शकत नाही.

स्कोपयेहून प्रेस्पाला जाण्यासाठी मी मोटार केली. चालक पन्नाशीचा, गप्पिष्ट, मोडके इंग्रजी बेधडक बोलणारा. जन्मल्यापासून तो त्याच गल्लीत राहतो. "पण देश किती झाले, मोजा," तो म्हणाला. जन्मला युगोस्लाव्हियात, लग्न केले मॅसिडोनियात, परदेशी ऑलिंपिक सामने टीव्हीवर पाहिले तेव्हा त्याच्या खेळाडूंच्या पुढे ते लांबलचक नाव, आणि आता उत्तर मॅसिडोनिया. मोटारीच्या पाटीवर 'एम के' होते, त्याचे 'एन एम के' झाले. जुन्या नावाचे पारपत्र फेब्रुवारी २०२४ पर्यंतच चालणार म्हणून लोकांनी कचेऱ्यांपुढे रांगा लावल्या, त्यांत तोही होता. मी विचारले, "तुम्ही मत काय दिले होते?"

"मी गेलोच नाही," तो म्हणाला. "हो म्हणायला जीभ रेटेना, आणि नाही म्हणावे तर पोराचा विचार यायचा. मग त्या दिवशी मासे धरायला गेलो."

त्याच्या देशातल्या निम्म्याहून अधिक मतदारांनी त्या दिवशी असेच काही तरी केले असावे.

रेसेन हे तळ्याच्या वाटेवरचे गाव. सफरचंदांच्या बागांच्या मधोमध फ्रेंच थाटाचा एक वाडा दिसतो. १९०८ च्या तरुण तुर्कांच्या क्रांतीतील पुढारी नियाझी बे याचा तो वाडा. पुढे ओतेशेव्हो येते. तेथे पाण्यालगत युगोस्लाव्हियाच्या काळातील विश्रामगृहे आहेत. काचा फुटलेल्या, गच्चीवर गवत उगवलेले. टीटोच्या दिवसांत कारखान्यातील कामगार येथे सुट्टीला येत. टीटो, नेहरू आणि नासर यांनी १९५६ साली ब्रियोनीच्या बेटावर एकत्र बसून दोन्ही गोटांपासून दूर राहण्याचा विचार मांडला, आणि १९६१ साली बेलग्रेडला अलिप्त राष्ट्रांची पहिली परिषद भरली. त्या पिढीचा भारतीय असता तर त्याला हे विश्रामगृह ओळखीचे वाटले असते. त्या युगोस्लाव्हियाचे तुकडे झाले, आणि त्यांतले बहुतेक एकामागून एक नाटोच्या दाराशी जाऊन उभे राहिले. मोठ्या माणसाच्या सावलीत अलिप्त राहता येते. सावली गेली की लहानांना भिंतीचा आडोसा शोधावा लागतो.

ओतेशेव्होच्या धक्क्यावरून दक्षिणेला ग्रीसचे डोंगर दिसतात. होडीने गेले तर तासाभराचेही काम नसावे. पण मी गेलो तेव्हा तळ्याकाठाने सरहद्द ओलांडायची वाट बंद होती. मागे रेसेन, मग बितोला, तेथे सरहद्द, मग ग्रीसमधील फ्लोरिना, आणि पुन्हा डोंगर चढून खाली तळे, असा शंभराहून अधिक किलोमीटरांचा वळसा घालून त्याच पाण्याच्या दुसऱ्या काठाला जावे लागले. वाटेत लहान प्रेस्पाचे तळे लागते. डाल्मेशियन पेलिकन पक्ष्यांची जगातील सर्वांत मोठी वसाहत ती येथे. २०२२ साली पक्ष्यांच्या तापाने त्यांतले हजारावर पक्षी मेले. उरलेले मात्र पुन्हा त्याच बोरूच्या बेटांवर घरटी करतात. सकाळी तिन्ही देशांत चरून संध्याकाळी ते घरी परततात.

प्सारादेस म्हणजे पाण्याच्या बोळकंडीत शिरलेले इवलेसे खेडे. दगडी घरे, लाकडी सज्जे, काठावर दोन-चार खाणावळी, आणि गवतात चरणाऱ्या बुटक्या जातीच्या गाई. दुकानात प्रेस्पाचे पांढरे घेवडे पोत्यांनी विकायला असतात. एकेक दाणा अंगठ्याच्या पेराएवढा. नावाचा अर्थ 'मच्छीमार'. आणि येथेच या प्रवासातली सर्वांत नवलाची गोष्ट कळते. या गावाचे हे मूळ नाव नव्हेच. पूर्वी ते निव्हित्सी होते, स्लाव्ह भाषेतले. १९२० च्या दशकात ग्रीक सरकारने उत्तरेकडील शेकडो गावांची नावे बदलली, त्यांत हेही बदलले. नावाचा तंटा मिटवायला मुत्सद्द्यांनी जे गाव निवडले, त्याचे स्वतःचे नाव एकदा बदलून झालेले होते!

खाणावळीच्या अंगणात एक वृद्ध गृहस्थ बसले होते, ऐंशीच्या पुढचे. त्यांची नात थेसालोनिकीच्या विद्यापीठात शिकते, ती दुभाषी झाली. मी विचारले, "आजोबा, लहानपणी घरात कोणती भाषा बोलत होता?"

ते थोडा वेळ पाण्याकडे पाहत राहिले. मग म्हणाले, "इथली."

"इथली म्हणजे?"

"इथली म्हणजे इथली," ते म्हणाले, आणि नात हसली. पुढे तिने सांगितले की या भागात तसेच म्हणतात. त्या भाषेला दुसरे नाव दिले की कोणी ना कोणी रागावते.

त्या रागाला कारण आहे. १९४६ ते १९४९ या काळात ग्रीसमध्ये यादवी झाली. कम्युनिस्ट फौजेचा अखेरचा तळ याच डोंगरांत होता. स्लाव्ह भाषा बोलणारे पुष्कळ लोक त्या फौजेत होते. हजारो मुले लढाईपासून वाचवायची म्हणून सरहद्दीपार नेली गेली. १९४९ च्या ऑगस्टमध्ये फौज हरली. गावेच्या गावे सरहद्द ओलांडून गेली, ती युगोस्लाव्हियात, पूर्व युरोपात, थेट ताश्कंदपर्यंत पांगली. पुढे १९८२ साली ग्रीसने निर्वासितांना परत येण्याची मुभा दिली, पण ती 'वंशाने ग्रीक' असणाऱ्यांनाच. आजोबांची थोरली बहीण गेली ती स्कोपयेलाच राहिली आणि तेथेच वारली. एकाच आईच्या दोन लेकरांपैकी एक ग्रीक झाले आणि दुसरे मॅसिडोनियन. मुत्सद्दी ज्याला 'नावाचा प्रश्न' म्हणतात तो या अंगणात असा बसलेला होता.

"करार झाला तेव्हा तुम्ही येथेच होता का?" मी विचारले.

"पोलीस फार होते," ते म्हणाले. "आम्ही घरातून ऐकले."

त्या दिवशी पाण्याकाठी मांडव घातला होता. मॅसिडोनियाचे पंतप्रधान झोरान झाएव होडीने आले. ग्रीसचे पंतप्रधान आलेक्सिस त्सिप्रास यांनी त्यांना मिठी मारली. दोन परराष्ट्रमंत्री, निकोस कोत्झियास आणि निकोला दिमित्रोव्ह, यांनी सह्या केल्या. साक्षीदार म्हणून तिसरी सही निमेट्झ यांची; योगायोग असा की त्यांचा तो एकोणऐंशीवा वाढदिवस होता. मग सगळे होडीत बसून पलीकडे ओतेशेव्होला जेवायला गेले. त्सिप्रास कधी नेकटाय बांधत नाहीत म्हणून प्रसिद्ध. झाएव यांनी आपला नेकटाय सोडून त्यांच्या हाती दिला. देशाचे नाव झाले उत्तर मॅसिडोनिया, घरात आणि बाहेरही. भाषेला मॅसिडोनियन म्हणायचे, पण ती स्लाव्ह कुळातील आहे आणि प्राचीन ग्रीकांशी तिचा संबंध नाही, हे लिहून द्यायचे. पुतळ्यांचा फेरविचार करायचा. बदल्यात ग्रीसने नाटोचे दार अडवायचे नाही.

हात दोघांनीही पोळून घेतले. ३० सप्टेंबर २०१८ च्या सार्वमतात झाएव यांच्या बाजूने नव्वद टक्क्यांहून अधिक मते पडली. पण मतदानालाच सुमारे ३७ टक्के लोक आले. १९१९ च्या नव्हे, २०१९ च्या जानेवारीत, पण जुन्या काळातल्यासारख्याच रात्री-अपरात्रीच्या वाटाघाटी करून, त्यांच्या संसदेत १२० पैकी ८१ मते जमवून घटना बदलली. अथेन्समध्ये संरक्षणमंत्री कामेनोस यांनी राजीनामा दिला, चौकात अश्रुधूर झाला, आणि २५ जानेवारीला तीनशेंच्या सभागृहात १५३ मतांनी करार तरला. त्याच वर्षी त्सिप्रास निवडणूक हरले. २०२१ मध्ये स्थानिक निवडणुकीतील पराभवानंतर झाएव यांनी पायउतार होण्याचे जाहीर केले.

२७ मार्च २०२० रोजी उत्तर मॅसिडोनिया नाटोचा तिसावा सभासद झाला. सारे जग तेव्हा कोरोनाच्या भीतीने घरांत कोंडलेले होते. ब्रुसेल्सला ध्वज चढला तो मोजक्याच माणसांच्या साक्षीने. बारा वर्षे ज्या दाराकडे डोळे लावले त्यातून आत पाऊल टाकले, आणि टाळ्या वाजवायला कोणी नाही!

नाव बदलले की युरोपीय संघाचेही दार उघडेल, अशी आशा लोकांना दाखवली होती. तेथे २०१९ साली फ्रान्सने अडवले. ते निवळते तोच २०२० मध्ये बल्गेरिया उभा राहिला. त्याचे म्हणणे भाषेबद्दल आणि इतिहासाबद्दल. एका शेजाऱ्याने नाव मागितले, दुसऱ्याने आजोबा मागितले. २०२४ च्या मे महिन्यात नव्या राष्ट्राध्यक्षा गोर्दाना सिल्यानोव्स्का-दाव्कोव्हा यांनी शपथविधीत देशाचा उल्लेख नुसता 'मॅसिडोनिया' असा केला, आणि ग्रीसच्या राजदूत सभागृहातून उठून गेल्या. लिहिलेले नाव जिभेवर रुळायला पिढी जावी लागते.

मग हा सौदा लाभाचा की तोट्याचा? माझ्या चालकाला शेवटी मी हे विचारलेच. तो म्हणाला, "नाव गेले नाही, त्याला शेपूट लागले. पण पोराला लढाईवर जावे लागणार नाही असे कोणी लिहून दिले तर मी आणखी एक शेपूट लावून घेईन." २०२२ च्या फेब्रुवारीनंतर युरोपातल्या लहान देशांत असे बोलणारे बाप पुष्कळ झाले आहेत. पिढ्यान्‌पिढ्या अलिप्त राहिलेल्या फिनलंड आणि स्वीडन यांनीही त्याच वर्षीच्या १८ मे रोजी नाटोकडे अर्ज केला, आणि तेही दाराशी अडले. कुर्द संघटनांना तुम्ही आसरा देता, असे तुर्कस्तान म्हणाला. हंगेरीनेही पाय ओढले. फिनलंडला अकरा महिने लागले, स्वीडनला जवळजवळ दोन वर्षे. ७ मार्च २०२४ रोजी तो बत्तिसावा सभासद झाला.

त्या अर्जांवर तीसही देशांच्या संमतीची गरज होती, आणि त्यांत स्कोपयेच्या संसदेची संमतीही होती. बारा वर्षे तिष्ठलेल्या या देशाच्या हाती प्रथमच दाराची कडी आली होती. तोही काही मागू शकला असता. मागण्यासारखे त्याच्याकडे पुष्कळ होते. २०२२ च्या जुलैमध्ये त्याच्या संसदेने दोघांनाही होकार दिला, आणि कोणाकडून काही मागितले नाही.